सोंड उघडी पडली की बेट उरत नाही: एका साठवण तलावावरच्या नदी सुरय पक्ष्यांचं प्रकरण

(गाव, तलाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मुद्दाम काढले आहेत. पाण्याच्या पातळ्या गावच्या मोजपट्टीवरच्या आहेत, समुद्रसपाटीपासूनच्या नाहीत.)

पार्श्वभूमी

मांजरा खोऱ्यातला हा मध्यम आकाराचा तलाव १९७२च्या दुष्काळानंतरच्या कामांमधून उभा राहिला. जवळच्या दोन गावांचं पिण्याचं पाणी, एक छोटा कालवा, भोई समाजाच्या मच्छीमार संस्थेचा ठेका आणि पाणी हटेल तशी गाळपेर असा सगळा भार त्याच्यावर आहे. दरवर्षी मार्चनंतर तळ उघडा पडू लागला की काठावर टरबूज, काकडी, भुईमूग दिसतो. तलाव जोत्याखाली गेला, म्हणजे उपयोगी साठा संपला, की बातमी होते, आणि या भागात ती बातमी नवी नसते.

तलावाच्या मधोमध, उत्तर काठाकडे झुकलेला, मुरूम-गोट्यांचा एक उंचवटा आहे. लांबी साधारण ७० मीटर, रुंदी २५. पाणी ५.६० मीटरच्या खाली आलं की त्याचा माथा वर येतो आणि तो बेट होतो. नदी सुरय वीण करतात ते याच बेटावर. पिवळी चोच, काळी टोपी, लाल पाय आणि दुभंगलेली लांब शेपूट असलेला हा पक्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यातल्या गटात आहे. घरटं म्हणजे मुरमात पोटाने उकरलेली बशीएवढी खळगी, त्यात बहुधा तीन अंडी. काडी नाही, गवत नाही. अंड्याचा राखाडी-मातकट रंग आणि त्यावरचे तपकिरी डाग इतकेच काय ते संरक्षण. उबवणीला सुमारे तीन आठवडे लागतात आणि पिल्लू उडायला त्यापुढे साधारण महिना. शेजारी आर्ली आणि छोटे चिखले हे पक्षीही अंडी घालतात, पण या प्रकरणाचा केंद्रबिंदू सुरयच आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. उंचवटा आणि उत्तर काठ यांच्यामध्ये पाण्याखाली मुरमाची एक सोंड आहे, सुमारे ४० मीटर लांब. पाणी ४.१० वर आलं की ही सोंड उघडी पडते. त्या दिवसापासून बेट हे बेट राहत नाही, काठाचा भाग होतं.

अडचण

पहिल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अंडी पडली. २८ मार्चला सोंड उघडी पडली. ५ एप्रिलला बांधावरून दुर्बिणीने मोजणी झाली तेव्हा बसलेले ४६ पक्षी दिसले. आठवड्याने तो आकडा २९ झाला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी गाळ काढायला पोकलेन आली.

मोजणी करणारे गावातल्या शाळेतले एक शिक्षक. त्यांनी आणि शहरातल्या दोन-तीन पक्षिमित्रांनी सरळ निष्कर्ष काढला: यंत्रामुळे घरटी जात आहेत. काही अंशी ते दिसतही होतं. हायवा आणि ट्रॅक्टरचा रस्ता सोंडेच्या बुडातून काढला होता, कारण काळ्या गाळात चाक रुततं आणि मुरमावर रुतत नाही. रॅम्प घट्ट करायला ऑपरेटरने उंचवट्याच्या कडेचा पाच-सहा ट्रॉली मुरूमही उचलला होता. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज गेला, त्याची प्रत तहसीलला गेली, फोटो फिरले. गावात उलट चर्चा सुरू झाली की चार पाखरांपायी गाळ बंद पाडायला निघालेत.

या वादात बारा दिवस गेले. आणि २९चा आकडा मशीन येण्याआधीचा होता, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते गाळपेरीच्या एका शेतकऱ्यामुळे. त्याचं टरबूज सोंडेच्या बाजूलाच होतं, रानडुकरांसाठी तो रात्रभर खोपीत असायचा. त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण त्याच्यावरच संशय होता. शिक्षक एकदा पहाटे त्याच्या खोपीवर थांबले तेव्हा तो म्हणाला, "सर, कुत्रे राती यायलेत. पाच-सहा असतेत. माझे न्हाईत ते, मासळीच्या वासानं येतेत."

सहा वाजता ओल्या गाळावर पंजे स्पष्ट होते. मच्छीमार संस्थेच्या वजनकाट्यापासून निघून सोंडेवरून थेट उंचवट्यावर. खळग्याही तेच सांगत होत्या. कावळ्याने अंडं फोडलं तर टरफल भोक पडलेलं आसपास सापडतं. चाकाखाली गेलं तर टरफल मुरमात चपटं रुतलेलं असतं. इथे बहुतेक खळग्या नुसत्याच रिकाम्या होत्या, कडेला बलक वाळलेला. कुत्रा आणि कोल्हा टरफलासकट खातात.

वजनकाट्याजवळ माशांची आतडी आणि खवले उघड्यावर टाकले जात होते, शिवाय रस्त्याकडेच्या दोन चिकन दुकानांची घाणही तिथेच पडायची. कुत्री तिथे बारा महिने होतीच. सोंड उघडी पडल्यावर त्यांना रस्ता मिळाला इतकंच.

पर्याय आणि त्यांवरची चर्चा

ग्रामपंचायतीत बैठक बसली. सरपंच, जलसंपदाचे शाखा अभियंता, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, गाळ नेणारे सात-आठ शेतकरी, वनरक्षक आणि शिक्षक हजर होते.

*गाळ काढणं थांबवणं.* पक्षिमित्रांची पहिली मागणी ही होती. कायद्याचा आधार होता: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी-घरट्यांना त्रास देणं येतं, आणि जमीन वनखात्याची नसली म्हणून तो आधार सुटत नाही. पण ज्या भागाने एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलं, तिथे 'गाळ काढू नका' म्हणणं म्हणजे सुरयाला गावाचा वैरी करून ठेवणं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत इथले शेतकरी स्वतःच्या वाहतुकीने गाळ नेत होते, त्याचा खर्च घरातून गेलेला होता. शिवाय गाळ खोलगट तळात असतो, उंचवट्यावर नसतो. योजनेत वाळू काढायला बंदीच आहे, मुरूमही गाळ नव्हे. म्हणजे दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतच नव्हती, आड येत होता तो फक्त रस्ता. हा मुद्दा अभियंत्यांनी मांडला आणि बैठकीचा सूर तिथे बदलला.

*अंडी हलवणं.* एका कार्यकर्त्याने सुचवलं, पाच मिनिटांत निकाली निघालं. अंड्याला हात लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि जागा बदललेली अंडी सुरय उबवत नाही.

*कालव्याचं आवर्तन पुढे ढकलणं*, म्हणजे पातळी उतरणं लांबवणं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, कालवा सल्लागार समितीत ठरतं. एप्रिलमध्ये भुईमुगाला पाणी हवं असताना हा विषय मांडण्यात अर्थ नव्हता. मांडला नाही.

*काट्याचं कुंपण.* सोंडेवर बोराटी आणि बाभळीच्या फांद्या रचायच्या. स्वस्त, एका दिवसाचं काम. केलंही. शेळ्यामेंढ्या थांबल्या, कुत्री थांबली नाहीत. चौथ्या दिवशी निम्म्या फांद्या सरपणाला गेल्या.

*राखीव क्षेत्राचा प्रस्ताव.* नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, त्याचा दाखला निघाला. इतक्या लहान तलावासाठी ती वाट लांबची, आणि मासेमारी बंद होईल या भीतीने संस्था बैठकीतून उठली असती. अध्यक्षांनी तसं स्पष्ट सांगितलंही.

*सोंड तोडणं.* म्हणजे आडवा चर खोदून उंचवटा पुन्हा बेट करणं. पोकलेन तिथे उभीच होती. हाच पर्याय उरला.

काय केलं

*पहिलं वर्ष, एप्रिल.* हायवाचा रस्ता २२० मीटर पूर्वेकडे नेला. नव्या रॅम्पला बाहेरून १२ ट्रॉली मुरूम लागला. निम्मा खर्च गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांनी दिला, निम्मा मच्छीमार संस्थेने, कारण माशांची गाडी पाण्यापर्यंत न्यायला तोच रस्ता पुढे कामी येणार होता.

त्याच सुमारास घाईत चर खोदला. ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल, कडा सरळ उभ्या. पक्षी अंड्यांवर असल्याने काम सकाळी साडेसहा ते आठ एवढ्याच वेळेत दोन दिवस चाललं. वेळेचं हे बंधन महत्त्वाचं होतं. एप्रिलमध्ये हवा चाळिशी ओलांडते तेव्हा मुरूम तव्यासारखा तापतो. सुरय भर दुपारी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली करायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी थंड ठेवतो. माणूस किंवा यंत्रामुळे तो पंधरा-वीस मिनिटं उठून राहिला, तर अंडी उन्हानेच मरू शकतात, कुत्र्याची गरज उरत नाही.

चर दोन आठवडे टिकला. उभ्या कडा भिजून ढासळल्या, तळ भरला, पाणी गुडघ्याएवढं झालं आणि कुत्री पुन्हा गेली. मधल्या काळात काही जोड्यांनी दुसऱ्यांदा अंडी घातली होती, पहिली वीण लवकर गेली तर सुरय ते करतो. त्यातली थोडी पार पडली. त्या वर्षी उडणारी ९ पिल्लं मोजली गेली.

*पहिलं वर्ष, जून.* खरं काम हे. सोंड जानेवारी ते मार्च पाण्याखाली असते, त्या काळात यंत्र जाऊ शकत नाही. ती उघडी पडते तेव्हा पक्षी अंड्यांवर असतात. म्हणजे पुढच्या वर्षीचा चर या वर्षीच, शेवटचं पिल्लू उडाल्यावर आणि पाऊस पडण्याआधी खोदावा लागतो. ही खिडकी जेमतेम आठ-दहा दिवसांची. पोकलेन मात्र ३१ मेला परत जाणार होती. ती आठवडाभर थांबवायला सरपंचांना बरीच मनधरणी करावी लागली.

मापं अशी ठरली. मेअखेर पाणी २.८०च्या आसपास येतं. तेव्हाही चरात किमान ६० सेंटीमीटर पाणी हवं. म्हणून तळ २.२० वर. सोंडेचा माथा ४.१०, म्हणजे खोली १.९० मीटर. तळाची रुंदी ४ मीटर आणि कडांना १:२ चा उतार, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर बाहेर. वरची रुंदी त्यामुळे साडेअकरा मीटरच्या पुढे जाते. अगदी खालच्या पातळीलाही पाण्याचा पट्टा सहा मीटरहून रुंद राहतो. कुत्रा पोहू शकतो हे खरं, पण उथळ पाण्यातून चालत जाणं आणि अंधारात पोहून जाणं यात त्याच्या लेखी फार फरक असतो. एकूण खोदाई साधारण ३०० घनमीटर निघाली. वरचा गाळ शेतात गेला.

इथे एक चूक होता होता राहिली. निघालेला माल उंचवट्यावरच टाकून बेट उंच करावं असं ठरत होतं. गाळमिश्रित मातीवर पहिल्या पावसात बेशरम आणि वेडी बाभूळ उगवते आणि सुरयाला उघडा मुरूमच लागतो, चारी बाजूंना नजर जाईल असा. झाडोरा वाढला की तो जागा सोडतो. उंचवट्याच्या दक्षिण टोकाला बेशरम आलेलीच होती. ती डिसेंबरअखेर, माथा उघडा पडताच, मच्छीमारांच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून कुदळी नेऊन मुळासकट काढली. नुसती छाटली तर जानेवारीत दुप्पट फुटते आणि तोडलेला तुकडा ओल्या जागी पडला तर तोही मुळं धरतो. म्हणून सगळी काठावर आणून जाळली.

*घाणीची व्यवस्था.* वजनकाटा पश्चिमेच्या बांधाजवळ हलवला. तिथे दोन मीटर खोल खड्डा, रोजच्या घाणीवर चुना आणि माती. चिकन दुकानदारांना ग्रामपंचायतीची नोटीस. एकाने ऐकलं, दुसऱ्याने नाही. फाटक्या तंगूस (नायलॉनच्या) जाळ्यांची गुंडाळी बेटाच्या कडेला सोडायची सवयही संस्थेने बंद केली. त्यात अडकून वाळलेला एक सुरय आधीच्या वर्षी सापडला होता.

*पिल्लांसाठी सावली.* जुन्या घरांची २० मंगलोरी कौलं दोन-दोन दगडांवर तिरकी टेकवून ठेवली. हे फेब्रुवारीत, अंडी पडण्याआधी. नंतर ठेवली तर पक्षी बिचकतात. उघडी बाजू उत्तरेकडे. उंची वीतभरच, जास्त ठेवली तर कावळ्याला बसायला पाट मिळतो.

*मोजणी.* बेटावर पाय ठेवायचा नाही. दीडशे मीटरवरून स्पॉटिंग स्कोपने, सकाळी आठच्या आत, बसलेले पक्षी मोजायचे. तीन मोजण्यांतली सर्वांत मोठी ग्राह्य. घरट्याजवळ खुणेची काडी रोवायची नाही, कावळे ती काडी वाचायला फार लवकर शिकतात. फोटोत तलावाचं नाव टाकायचं नाही हेही ठरलं. दोनदा मोडलं गेलं.

काय झालं

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात चरात ३५ सेंटीमीटर गाळ बसला, तरी पाणी मेअखेर टिकलं. बसलेल्या जोड्या ३८, उडालेली पिल्लं ४१. सोंडेच्या काठावर पंजे दिसले, पलीकडे नाहीत. टरबूजवाल्या शेतकऱ्याला ४५ रात्रींच्या राखणीचा रोज ग्रामपंचायतीने आणि पक्षिमित्रांनी मिळून दिला. तो खोपीत असणारच होता, फक्त बॅटरीचा झोत दोन्हीकडे फिरवायचा होता. कौलांपैकी सात-आठखालीच पिल्लं दिसली. ती ठेवण्याची मेहनत मोठी नव्हती, म्हणून चालू ठेवली.

तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस जोरात झाला आणि तलाव तुडुंब भरला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाणी ६.३० वर होतं. बेटावर बसण्याजोगी जागा एप्रिलच्या मध्याला मिळाली. २२ जोड्यांनी उशिरा अंडी घातली, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या वळवाच्या वादळात लाटांनी खालच्या बाजूची घरटी नेली. उडालेली पिल्लं ११. चराचा यात काही दोष नव्हता आणि उपयोगही नव्हता. भरल्या तलावाचा आनंद गावाला होता, तो असायलाच हवा होता.

पाणी जास्त असलेल्या वर्षासाठी म्हणून प्लास्टिकच्या पिंपांवर तीन बाय दोन मीटरचा तरंगता मचाण करून त्यावर मुरूम पसरला होता. त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले. सुरय एकदाही उतरला नाही.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत महाग पडले ते अर्जाअर्जीत गेलेले बारा दिवस. ५ एप्रिल ते १२ एप्रिल यांतली घट मशीन येण्याआधीची होती, हे तारखा समोरासमोर मांडल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं. नुकसान दिसलं की पहिल्याच पहाटे ओल्या गाळावरचे पंजे आणि रिकाम्या खळग्या पाहायच्या, अर्ज त्यानंतर. गाळपेरीवाल्याला आधी विचारलं असतं तर तेवढंही करावं लागलं नसतं.

पहिल्या वर्षीचा घाईचा चर खोदायला हवा होता का, यावर आजही दोन मतं आहेत. दोन सकाळी यंत्र बेटापासून ४० मीटरच्या आत चाललं आणि चर टिकला नाही. त्याऐवजी सोंडेवर रात्रीची राखण ठेवली असती तर कदाचित तेवढंच साधलं असतं, कमी त्रासात. पण त्या चरामुळे गावाला सोंडेचं गणित डोळ्यांनी दिसलं आणि जूनच्या कामाला कोणी नाही म्हटलं नाही.

चिकन दुकानाचा प्रश्न अर्धाच सुटला. कुत्र्यांची संख्या तेवढीच आहे. नसबंदीसाठी जवळची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि तिथे नेण्याचा खर्च कोणी उचललेला नाही.

ज्या वर्षी तलाव मार्चमध्येच जोत्याखाली जाईल त्या वर्षी चरात पाणीच नसेल. तेव्हा राखण एवढाच उपाय आहे आणि त्यासाठी पैसे आधी बाजूला ठेवावे लागतील. ते अजून ठेवलेले नाहीत.

पक्ष्यांवर नजर ठेवण्यापेक्षा मोजपट्टीवर ठेवणं सोपं आणि जास्त उपयोगी ठरलं. पंपहाऊसच्या भिंतीवर आता ४.४० ला पिवळी आणि ४.१० ला लाल रेघ आहे. पिवळ्या रेघेवर पाणी आलं की पंपाचा ऑपरेटर शिक्षकांना फोन करतो, उतरण्याच्या वेगानुसार हाताशी दहा ते वीस दिवस मिळतात. गाळ काढण्याच्या ग्रामसभेच्या ठरावात दोन ओळी वाढल्या आहेत: रॅम्प पूर्वेच्या बाजूनेच, आणि यंत्र जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तलावावर. चर दर दुसऱ्या वर्षी साफ करावा लागेल, गाळ बसण्याचा वेग तसाच राहिला तर. दरम्यान शाखा अभियंत्यांची बदली झाली आहे. नव्या साहेबांना रेघा दाखवून झाल्या, ठरावाची प्रत द्यायची आहे.